घरगुती वापर

माझी बायको ही माझ्या गाडीतली भाडं देणारी प्रवासी आहे, असं विमा कंपनीनं लेखी कळवलं तेव्हा मी पोहे खात होतो. पत्र वाचलं, पोहे संपवले, बशी धुऊन जागेवर ठेवली आणि मग वृषालीला हाक मारली. तिचा डावा हात झोळीत होता. मी तिला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं.

"सदर वाहनाचा विमा घरगुती वापरासाठी असून, ते नियमितपणे भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरले जात असल्याचे आढळले. सबब दावा नामंजूर. महिन्याभरात समाधानकारक खुलासा न आल्यास विमा रद्द करण्यात येईल."

"कोण प्रवासी?" तिनं विचारलं.

"तू."

"आणि तुम्ही?"

"मी ड्रायव्हर."

ती हसायला लागली, पण हसलं की खांद्यात कळ यायची, म्हणून लगेच थांबली. "चहा ठेवू का?" म्हणाली. एका हातानं काय ठेवणार! मीच ठेवला.

दावा ज्या अपघाताचा होता तो अंकलीच्या पुलावरचा. आम्ही कुरुंदवाडला निघालो होतो. वृषालीची आई तिथं एकटी असते, उजवी बाजू लुळी पडलेली, आणि वृषाली एकुलती एक. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला घेऊन जातो. आजकालची गाडी सरळ रस्त्यावर आपली आपण चालते, पण उसाच्या ट्रॉलीपुढं तिचं शहाणपण संपतं. पुढं एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. चढावर मागच्या ट्रॉलीची पिन निसटली आणि ती आमच्यावर उलटी आली. गाडीनं ब्रेक मारला, मी स्टिअरिंग हिसकलं आणि उजवीकडं वळवलं. त्यामुळे मार मागच्या डाव्या दाराला बसला. वृषाली तिथंच बसली होती. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही.

विमा रद्द होणं म्हणजे नुसता कागद जाणं नाही. विम्याचं कवच नसलेली गाडी हल्ली सुरूच होत नाही, बटण दाबलं की नम्रपणे माफी मागते. आणि एकदा का 'गैरवापर' असा शेरा बसला की दुसरी कुठलीही कंपनी घरगुती विमा देत नाही. एस.टी.नं कुरुंदवाडला जाता येतं, नाही असं नाही. पण लुळ्या माणसाला उचलून तपासणीला न्यायचं तर दाराशी गाडी लागते. वृषालीनं पत्रातलं एकच वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं, रद्द होण्याचं.

आता हे सगळं ठरवणाऱ्या यंत्राबद्दल थोडं सांगतो. मी तंत्रनिकेतनात तीस वर्षं उपकरणशास्त्र शिकवलं, तेव्हा ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

घरगुती विम्याचा हप्ता कमी आणि भाड्याच्या गाडीचा जास्त, याला कारण आहे. भाड्याची गाडी दिवसभर रस्त्यावर असते, घाईत असते, आणि अनोळखी माणसं नेते. अपघात जास्त होतात. पण लोक घरगुती विमा काढून गुपचूप भाडी मारायचे, आणि अपघात झाला की "पाहुणे होते" म्हणायचे. गाडी कुठून कुठं गेली हे कंपनीला कळायचं. आत बसलेला पाहुणा आहे की गिऱ्हाईक, हे कसं कळणार? त्यावर 'पारखी' आलं.

पारखी सीटच्या आत असतं. हृदय दर ठोक्याला रक्त फेकतं तेव्हा अख्खं शरीर अगदी केसाएवढं हलतं. आपल्याला ते जाणवत नाही, पण सीटखालच्या पट्टीला जाणवतं. श्वासही कळतो. एवढं तर जुनंच तंत्र आहे. नवीन शोध पुढचा. एका घरात राहणारी माणसं जवळ बसली की त्यांच्या हृदयाची आणि श्वासाची लय नकळत एकमेकांकडं ओढली जाते. एकाचा वेग वाढला की दुसऱ्याचा काही क्षणांनी थोडा वाढतो, एकाचा उतरला की दुसऱ्याचा उतरतो. भांडणारी माणसंसुद्धा जुळतात, उलट जास्तच जुळतात. अनोळखी माणसं मात्र जुळत नाहीत. दोन घड्याळं शेजारी ठेवली तरी आपापली टिकटिकत राहतात, तसं त्यांचं चालतं. या ओढीला यंत्र आकडा देतं, त्यात बसण्याची जागा, बोलणं, रस्ता आणि पैशांची देवघेव मिळवतं, आणि प्रवास घरगुती की भाड्याचा ते सांगतं.

मला यंत्राचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

वृषाली मागं बसते. कारण पुढची सीट आईची, म्हणजे माझ्या आईची. मोठं माणूस पुढं बसणार, सून मागं, यात आमच्याकडं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. बारा वर्षं तसं चाललं. पाच वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी वृषाली मागचंच दार उघडून बसली, आणि मीही काही म्हणालो नाही. आम्ही वाटेत बोलत नाही. भांडण वगैरे काही झालेलं नाही, बोलायचं राहून गेलं इतकंच. आणि कुरुंदवाडहून परत आलो की ती माझ्या खात्यावर पेट्रोलचे पैसे पाठवते. गाडी विजेवर चालते, तरी आम्ही त्याला पेट्रोलचेच पैसे म्हणतो. ती पतसंस्थेत हिशेब बघते. "माझ्या आईकडं जायचं, तर खर्च माझा," असं तिनं लग्नानंतर लगेच सांगितलं होतं, आणि मला ते स्वाभिमानाचं वाटलं होतं.

तेव्हा यंत्राला काय दिसलं? ठरलेले दिवस, ठरलेला रस्ता, मागं बसलेली बाई, चकार शब्द नाही, हृदयांची आपापली टिकटिक, आणि उतरल्यावर पैसे जमा.

कंपनीच्या कार्यालयात खुलासा घेणारी अधिकारी मला बघून उभीच राहिली.

"सर, ओळखलं नाहीत? रुखसार मुजावर. मला शेवटच्या वर्षी संवेदक तुम्हीच शिकवलेत."

"मग माझी सीट नीट बघितलीस का? पट्टी सरकली असेल."

"तीनदा बघितली, सर. पट्टी चांगली आहे." ती अवघडली होती. वृषालीकडं बघून म्हणाली, "मॅडम, मला माहितीय की तुम्ही सरांच्या मिसेस आहात. पण माझ्या माहितीवर चालत नाही."

मी लग्नाचा दाखला पुढं केला.

"दाखले सगळेच आणतात, सर. गेल्या वर्षी एकानं अकरा चुलत भाऊ आणले. अकराच्या अकरा विमानतळाला जाणारे." मग तिनं आवाज खाली आणला. "एक मार्ग आहे. सहवास चाचणी. आमचं यंत्र लावून दोघांनी तासभर गाडीतून फिरायचं. लय जुळली की मागचं सगळं पुसतं."

"आणि नाही जुळली तर?"

"जुळेल की. घरातलीच माणसं तुम्ही," रुखसार म्हणाली.

गॅरेजवाल्यानं मागचं डावं दार दोरीनं बांधून गाडी चालण्याजोगी करून दिली होती. चाचणीला पंधरा दिवस होते. मी ठरवलं, सराव करायचा. परीक्षेआधी मुलांना जो सल्ला देत आलो तोच.

पहिल्या दिवशी वृषालीला म्हटलं, "पुढं बस."

ती पुढं बसली. बसल्याबरोबर सीट गुरगुरत पुढं सरकली, पाठीमागची उशी फुगली, आणि वृषालीचे गुडघे समोरच्या कप्प्याला जाऊन टेकले. पडद्यावर अक्षरं आली, 'नमस्कार, आई.' आईच्या मापाची सीट गाडीनं जपून ठेवली होती. वृषाली तशीच अंग चोरून बसली. ते माप पुसायला मला दोन मिनिटं लागली. पुसताना मला काही वाटलं नाही. आई गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले, मोठा धीराचा आहे. मला वाटायचं, रडू नंतर येईल. ते आलंच नाही, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही कायकाय यायचं थांबलं. जेवण चवीला लागायचं, माणसं ओळखू यायची, सगळं ठीक चालायचं.

"काय बोलायचं?" वृषालीनं विचारलं.

"काहीही. घरी बोलतो तसं."

हरिपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ती विचार करत होती. मग म्हणाली, "तूरडाळ संपत आलीय."

"आणू."

"बरं."

चिंचांच्या सावलीतून गाडी चालली होती. मी म्हटलं, श्वासावर काम करू. मी सांगेन तेव्हा घ्यायचा, सांगेन तेव्हा सोडायचा. तिला खोल श्वास घेतला की हाड दुखायचं, म्हणून मी माझा उथळ केला. आठवड्याभरात आम्ही पटाईत झालो. बाहेरून कुणी बघितलं असतं तर दोन कासवं शेजारी ठेवलीत असं वाटलं असतं.

एक दिवस तिचा खांदा फार ठणकत होता. पट्टा नेमका दुखऱ्या हाडावरून जायचा. "आज मागं बसते," ती म्हणाली. उजव्या दारातून चढली आणि सरकत सरकत डावीकडं, आपल्या नेहमीच्या जागी गेली. थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, आरसा होता तसा नाही. गॅरेजवाल्यानं वर केलाय."

"मला मागचा रस्ता दिसतोय की नीट."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, अपघातानंतर भीती बसली असेल. मागून काही येत नाही ना, याची काळजी करत असेल.

चाचणी दुपारी उशिरा होती. रुखसारनं पुढच्या-मागच्या सगळ्या सीटवर तिच्या पट्ट्या लावल्या आणि समोर एक छोटा पडदा बसवला. त्यावर दोन आकडे दिसायचे, दोघांच्या हृदयाचे ठोके. आम्ही हरिपूरला गेलो, संगमापाशी वळलो, परत आलो. वृषाली पुढं बसली होती, खांद्याखाली टॉवेलची घडी घालून. श्वास मोजून घेतले. तूरडाळीवर बोललो, तिच्या आईच्या गोळ्यांवर बोललो. एका जागी मी विनोदही केला. मला तर उत्तम जमल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर वृषाली गाडीतच बसली. पायऱ्या चढताना खांदा हिसकतो, म्हणून. मी एकटाच वर कार्यालयात गेलो.

रुखसारनं तिच्या टेबलावरच्या पडद्यावर निकाल उघडला. "सर, 'अनिश्चित' आलंय."

"श्वास जुळला नाही?"

"फारच जुळला. एवढा कुणाचा जुळत नाही. यंत्रानं 'सराव' असा शेरा मारलाय." ती माझ्याकडं बघेना. "आणि हृदयं... ती सरावानं ऐकत नाहीत, सर. तुम्हीच शिकवलेलं, मोजताना ढवळलं की मोजमाप बिघडतं."

मी खिडकीतून खाली बघितलं. आमची गाडी दिसत होती, दोरीनं बांधलेलं दार दिसत होतं. ऊन उतरायला लागलं होतं. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि अजून भाकरी व्हायची होती. कुरुंदवाडच्या आईला आता कसं न्यायचं, हा प्रश्न मी मनात मांडला. विमा भाड्याच्या वापराचा करून घेता येईल. गाडीला पिवळी पाटी लागेल, हप्ता वाढेल, आणि वृषाली कागदोपत्रीसुद्धा माझी प्रवासी होईल. मी तो पर्याय रुखसारला सांगणारच होतो.

"सर, थांबा," ती म्हणाली. "एक राहिलंच. अपघाताची नोंद."

"त्यात काय बघणार? धडकेत कुणाचंही हृदय उडतं."

"उडतं सगळ्यांचं. उतरतं मात्र वेगवेगळं." बोलता बोलता तिनं नोंद उघडली. "भाड्याचा ड्रायव्हर किंवा गिऱ्हाईक, आपल्याला काही झालं नाही हे कळलं की चार-सहा श्वासांत खाली येतं. घरच्या माणसाचं हृदय तसं येत नाही. दुसऱ्याचं कळेपर्यंत ते वरच राहतं. ही खूण आम्ही पक्की धरतो, कारण हिचा सराव कुणी करू शकत नाही."

पडद्यावर दोन रेषा आल्या, एक निळी, एक केशरी. दोन्ही सपाट चालल्या होत्या, आपापल्या. मग धडक, आणि दोन्ही एकदम उंच. त्यानंतर निळी झरझर उतरली आणि पुन्हा सपाट झाली. केशरी उतरली नाही. ती वरच राहिली, थोडी अजून चढली, आणि मग एका जागी एकाएकी खाली आली.

"हे बघा!" रुखसार उत्साहानं म्हणाली. "इथं मॅडम काहीतरी बोलल्या असणार, तुम्हाला कळलं त्या ठीक आहेत, आणि तुमचं..." ती बोलता बोलता थांबली. तिनं कोपऱ्यातली अक्षरं वाचली होती. मीही वाचली. निळी, चालक. केशरी, मागची डावी.

केशरी रेषा जिथं खाली आली तिथं आवाजाची खूण होती. रुखसारचा हात तिकडं गेला आणि थबकला. "लाव," मी म्हटलं.

माझाच आवाज होता. शांत, स्पष्ट, वर्गात असतो तसा. "मोटर बंद झाली वाटतं."

एवढंच. तिचं हाड मोडलेलं होतं, ती काही बोलली नव्हती, आणि माझा आवाज येईपर्यंत तिचं हृदय तसंच वर टांगलेलं होतं. मी मोटरची चौकशी केली आणि ते खाली आलं.

मला वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. वाटलं नाही. पण वाटत नाहीये, हे मात्र पहिल्यांदाच कळलं. दात काढायला भूल दिल्यावर आपलाच गाल चावला जातो, रक्त दिसतं, दुखत मात्र नाही. तसं झालं.

"सर," रुखसार हळूच म्हणाली, "नियमात 'दोहोंपैकी एका व्यक्तीचा' असं आहे. कंपनीला एकाचं पुरतं."

"मग कर मंजूर."

तिनं बटण दाबलं. दावा मंजूर, वापर घरगुती. मी आभार मानले. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ते यंत्राचं असतं, सर. सगळंच खरं नसतं त्यात." मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. खोटं बोलायला मी तिला शिकवलं नव्हतं, तिचं ती शिकली होती.

खाली आलो तर वृषाली मागच्या सीटवर जाऊन बसली होती. खांद्याखालची टॉवेलची घडी पुढच्या सीटवर तशीच पडली होती.

"काय झालं?"

"झालं मंजूर."

"जुळलं?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं.

"जुन्या नोंदीत सापडलं."

"कुणाचं सापडलं?" असं काहीतरी ती विचारेल म्हणून मी थांबलो. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे शुक्रवारी आईकडं जाता येईल."

"येईल."

मी गाडीत बसलो. तिला काहीतरी सांगायला हवं, एवढं मला कळत होतं. कळायचं सगळं कळतं मला. मी म्हटलं, "पुढं ये ना. आता ती सीट तुझ्या मापाची केलीय."

"नको. मागंच बरं आहे."

"पट्टा दुखतो म्हणून?"

"तसं नाही." मग, डाळ संपल्याचं सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "पुढं बसलं की तुमच्याकडं मान वळवून बघावं लागतं. तुम्हाला ते आवडत नाही. इथं डावीकडं बसलं की आरशात तुम्ही दिसता. म्हणजे दिसायचात. आता नाही दिसत, गॅरेजवाल्यानं वर केलाय ना."

रुखसारचा छोटा पडदा अजून समोर लावलेलाच होता. काढायचा राहिला होता. त्यावर दोन आकडे होते. तिचा ब्याण्णव, माझा चौसष्ट.

मी हात वर केला आणि आरसा धरला.

"आता?"

"अजून थोडा खाली."

"आता?"

"डावीकडं जरासा. हां. बस."

आरशात मला मागचा रस्ता दिसेनासा झाला. तिचे डोळे दिसत होते, आणि ते माझ्याकडंच बघत होते. बहुधा गेली सतरा वर्षं. पडद्यावर तिचा आकडा हळूहळू खाली येऊ लागला, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, बहात्तर. मी माझ्या आकड्याकडं बघत राहिलो. मी खरोखर वाट बघितली. तो चौसष्ट होता, चौसष्टच राहिला.

"निघायचं ना?" ती म्हणाली. "दिवस मावळतोय. भाकरी व्हायचीय."

मी गाडी सुरू केली. आरसा परत वर केला नाही.